दुधाचा कॅन

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा, वॉर्सा

आज मीटिंग लवकर आटपली म्हणून ज्यू हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूटला जाऊन आले, आता झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. आत शिरल्या शिरल्या फरशीवर काळे डाग दिसले, मला वाटलं जुनी झाली असेल, तर ती जळालेली आहे, 16 मे 1943 ला नाझींनी शेजारचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उडवलं तेव्हाच्या आगीत. लोक त्यावरूनच ये-जा करतात, मी पण केली, काय करणार.

आत एक दुधाचा कॅन ठेवलाय. अण्णा डेअरीत दूध घालायला न्यायचे ना तसाच, फक्त गंजलेला. इमानुएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, साठेक माणसं गुपचूप जमवली आणि ती जे मिळेल ते साठवत गेली. डायऱ्या, पत्रं समजू शकते, पण ट्रामची तिकिटं, गोळ्याचॉकलेटांचे कागद, पोरांचे शाळेतले निबंध? आधी मला अतीच वाटलं. मग आठवलं, 1941 ला वॉर्सात रेशन होतं ते जर्मन माणसाला दिवसाला 2613 कॅलरी, पोलिश माणसाला 699 आणि ज्यूला 184. म्हणजे धड दोन चपात्या पण नाहीत, आणि तेवढ्यावर जगणारं कुणीतरी गोळीचा कागद नीट सपाट करून ठेवत होतं.

1942 च्या जुलैत ज्यूंना घेऊन ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला गाड्या सुटायला लागल्या, तेव्हा ऑगस्टमध्ये या साठ्याचा पहिला भाग पत्र्याच्या दहा पेट्यांत भरून नोव्होलिपकी रस्त्यावरच्या शाळेखाली पुरला, पुरणारी दोन पोरं अठरा-एकोणीस वर्षांची. दुसरा भाग 1943 ला दोन कॅनमध्ये. पेट्या 1946 ला निघाल्या पण आत पाणी शिरलेलं, कॅन 1950 ला निघाले आणि त्यातले कागद बऱ्या अवस्थेत होते. तिसरा भाग मिळालाच नाही, जिथं पुरला म्हणतात तिथं आता चीनचा दूतावास आहे. साठातले वाचले तिघं.

रिंगेलब्लुम स्वतः बायको-मुलासकट व्होल्स्की नावाच्या पोलिश माळ्याच्या ग्रीनहाऊसखाली लपलेला, एका बंकरमध्ये चाळीसेक माणसं. ज्यूला आसरा दिला तर पोलिश माणसालाही मृत्युदंड, हे 1941 पासून जाहीरच होतं. मार्च 1944 ला सगळे पकडले गेले आणि मारले गेले, व्होल्स्की आणि त्याचा भाचा पण. पोलिश लोकांनी मदत केली का ज्यूंना पकडून दिलं यावर अजून कडाकडा भांडणं होतात, पैशासाठी ब्लॅकमेल करणारे होतेच की. मला त्या वादात पडायचं नाही, पण चाळीस जणांचं जेवण शेजाऱ्यांना संशय न येता रोज कसं आणत असतील हेच डोक्यात फिरतंय.

अण्णांना कॅनचा फोटो पाठवला आणि सगळं टाईप करून सांगितलं. आत्ता रिप्लाय आला, "झाकणाला वायसर होतं का गं? नाहीतर पाणी जातंच."

मी बघितलंच नाही.