जांभळे की गुलाबी : गवताच्या काढ्याची नोंद, दिवस २३

वाळलेले गवत पाण्यात उकळून केलेला काढा बरणीत ठेवून आज २३ दिवस झाले. पहिल्या आठवड्यात ग्रॅम अभिरंजन (रंग देऊन जिवाणूंचे दोन गट पाडण्याची पद्धत) केले तेव्हा सारे दंडाणू, म्हणजे दांड्यासारखे जिवाणू, गर्द जांभळे दिसले होते. आज त्याच बरणीतल्या थेंबात जवळजवळ निम्मे गुलाबी निघाले. वहीत 'ग्रॅम-धन' (जांभळे) आणि 'ग्रॅम-ऋण' (गुलाबी) असे दोन रकाने मी मोठ्या विश्वासाने आखले होते, आणि आता एकच बरणी दोन्ही रकान्यांत जाऊन बसली आहे.

पहिला संशय माझ्या हातावर होता. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि आयोडीन यांचे संयुग पेशीत अडकल्यावर अल्कोहोलने धुताना काही सेकंद जास्त गेले, तर ग्रॅम-धन जिवाणूही रंग सोडतात आणि मग सॅफ्रॅनिन या दुसऱ्या रंगाने गुलाबी होतात. म्हणून जुन्या काढ्याचे काही थेंब ताज्या, उकळून गार केलेल्या काढ्यात टाकले, एक दिवस थांबलो, आणि जुना व नवा असे दोन्ही लेप एकाच काचपट्टीवर शेजारी-शेजारी घेऊन एकदमच रंगवले. नवा लेप पूर्ण जांभळा, जुना मिश्र. धुण्याची वेळ दोघांनाही सारखीच मिळाली असल्यामुळे दोष अल्कोहोलचा नव्हता. बाहेरून दुसरे कोणी बरणीत शिरले असावे ही शंका पूर्णपणे मिटत नाही, पण तसे असते तर नव्या काढ्यातही थोडे गुलाबी दिसण्याची शक्यता होती. अधिक पटणारे कारण वयाचे आहे : ग्रॅम-धन जिवाणूंची पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाची जाड भित्तिका (पेशीभोवतीचे आवरण) हा रंग धरून ठेवते, आणि पेशी जुन्या होऊन ती भित्तिका खिळखिळी झाली की रंग निसटतो.

हे दंडाणू कोण, याचा अंदाज मात्र उकळण्यातूनच मिळतो. उकळत्या पाण्यातून तग धरतात ते प्रामुख्याने अंतर्बीजाणू (पेशीच्या आत बनणारे, उष्णता सोसणारे सुप्त रूप) तयार करणारे जिवाणू, आणि गवताच्या काढ्यात नेहमी भेटणारा बॅसिलस सबटिलिस त्यांपैकीच आहे. जीवशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७६ साली याच जिवाणूच्या उष्णता सोसणाऱ्या बीजाणूंचे वर्णन केले. त्याआधी १८७२ मध्ये त्यांनी जिवाणूंची विभागणी मुख्यतः आकारावरून, म्हणजे गोल, दांड्यासारखे, पिळदार अशी केली होती, आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसलेल्या हौशी माणसाला आजही तीच सर्वांत आधी हाताशी येते. हान्स क्रिश्चन ग्रॅम यांची अभिरंजनाची पद्धत १८८४ सालची. ती भित्तिकेची रचना सांगते; नाते मात्र दरवेळी सांगतेच असे नाही. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला भित्तिकाच नसल्यामुळे तो गुलाबी दिसतो, तरी त्याचे कूळ बॅसिलससारख्या ग्रॅम-धन जिवाणूंच्या जवळचे आहे.

नाते लावून देण्याचे काम रायबोसोममधील, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतील, आरएनएच्या घटकांच्या क्रमाने केले. कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये या क्रमांची तुलना केली, तेव्हा जिवाणूंत गणल्या जाणाऱ्या मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा गटच वेगळा निघाला. त्यांना पुढे आर्किया म्हणू लागले. १००० पट मोठे करून पाहिले तरी त्यांतल्या कित्येकांचे आणि जिवाणूंचे रूप इतके सारखे असते की माझ्यासारख्याने त्यांना वेगळे ओळखण्याचा दावा करू नये. बॅसिलस ज्या संघात (वर्गीकरणातल्या मोठ्या गटात) येतो त्याला आता बॅसिलोटा म्हणतात. हे नाव २०२१ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाले, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तेथे फर्मिक्यूट्स हे नाव आढळेल.

त्यामुळे वहीतले रकाने बदलले आहेत. आता आकार, मांडणी, रंग आणि त्याच्या शेजारी नमुन्याचे वय अशी नोंद होते, आणि नावाच्या रकान्यात 'बॅसिलस' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह असते. हालचालीचा रकाना सर्वांत त्रासाचा ठरला, कारण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी थरथरणारा मृत दंडाणूही प्रथमदर्शनी पोहत असल्यासारखा भासतो. शेजारचे कण एका बाजूला वाहत असताना जो त्यांना छेद देऊन वेगळ्या दिशेने निघतो, त्यालाच मी 'पोहणारा' म्हणतो. आज असे चार मोजले.

आजच्या जुन्या लेपात काही दंडाणूंच्या पोटात रंग न घेतलेली लंबगोल, चकचकीत पोकळी दिसली. ते बीजाणू असावेत. मॅलकाइट ग्रीनने तापवून रंगवल्यावर ती जागा हिरवी आणि बाकी पेशी गुलाबी दिसली, तर ही शंका फिटेल. काचपट्टी वाळवून ठेवली आहे.