इन्सुलिन: सिरिंज घ्यावी की पेन?

इन्सुलिनचं पेन, म्हणजे डायल फिरवून डोस लावायचं आणि बटण दाबून टोचायचं उपकरण, सोपं, म्हणून तेच घ्या, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. औषध दोन्हींत तेच असतं, चुका मात्र वेगवेगळ्या ठिकाणी होतात. आपल्या हातून कुठली चूक होऊ शकते ते बघून ठरवावं.

सिरिंजमध्ये घोळ होतो मापाचा. बाटलीत एका मिलीत 40 युनिट असतात किंवा 100, आणि सिरिंजही त्याच मापाची लागते. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, नळीवर छापलेलं माप लेबलशी ताडून बघा. 100च्या बाटलीतलं इन्सुलिन 40च्या सिरिंजमध्ये 20च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात 50 युनिट जातात. हे जिवावर बेतू शकतं. नजर अधू असेल किंवा हात थरथरत असेल तर पेनच बरं. सिरिंजवरून पेनवर जाताना युनिटचा आकडा तोच राहतो, हेही लक्षात ठेवा.

पेनमधली चूक मात्र दिसत नाही. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनमधल्या इन्सुलिनच्या नळीत, हवा असली की बटण दाबल्यावर आधी हवा दबते, इन्सुलिन मागाहून थेंब थेंब येत राहतं. डायल शून्यावर आला म्हणून लगेच सुई काढली की टोकाशी थेंब लोंबताना दिसतो. तो तुमच्या डोसमधलाच! म्हणून दर वेळी नवी सुई लावा, ती वर धरून 2 युनिट सोडा, थेंब दिसेपर्यंत पुन्हा सोडा, मग डोस लावा. बटण पूर्ण दाबल्यावर मनात सावकाश दहा आकडे मोजा. नंतर सुई काढून टाका. पेनवर तशीच ठेवली तर उष्णतेने इन्सुलिन गळतं, गारव्याने हवा आत ओढली जाते.

पेनची 4 मिलिमीटरची सुई बहुतेक प्रौढांना पुरते, सरळ टोचायची. सिरिंजची सुई लांब असते, तिथे कातडीची घडी धरावी लागते.

सिरिंजची एक जमेची बाजू अशी, की साधं (पारदर्शक, लवकर काम करणारं) आणि दुधाळ एनपीएच (हळूहळू काम करणारं) इन्सुलिन एकाच टोचणीत देता येतं. आधी साधं भरायचं, मग दुधाळ. ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन मात्र कशातच मिसळू नका.

आणि पेन दुसऱ्याला देऊ नका. सुई बदलली तरी आधीच्याचं रक्त कार्ट्रिजमध्ये शिरलेलं असू शकतं.