सांदण असताना अँझा-बोरेगो कशाला?

“सांदण दरी पुण्याहून पाच तासांवर. मग घळच बघायला कॅलिफोर्नियाला कशाला जायचं?” ट्रेकचा विषय निघाला की हे कुणीतरी विचारतंच. विचारणारा बहुधा सांदणलाही गेलेला नसतो, ते असो.

निव्वळ घळीसाठी म्हणाल तर नकाच जाऊ. सांदण केव्हाही उजवी. साम्रद गावाजवळच्या त्या भेगेतले बेसॉल्टचे कडे मान मोडेपर्यंत वर जातात, मध्ये गार पाणी साठलेलं. कॅलिफोर्नियातल्या अँझा-बोरेगो या वाळवंटी उद्यानातली ‘द स्लॉट’ ही घळ त्यापुढे लहान, भिंती फार तर चाळीसेक फूट. काही ठिकाणी सॅक उतरवून आडवं सरकावं लागतं, एवढंच. खडक मात्र वेगळा. जुन्या गाळाचा, इतका ठिसूळ की हात टेकला तर माती सुटते. अधूनमधून येणाऱ्या लोंढ्यांनी तो कापला आहे. सांदणमध्ये पावसाळ्यात उतरायचं नाही हे आपल्याला माहीत असतं. अँझा-बोरेगोत मात्र पाऊस लांब डोंगरात पडतो आणि डोक्यावर ऊन असताना कोरड्या ओढ्यातून पाणी येऊ शकतं. २००४ मध्ये याच उद्यानातल्या बोरेगो पाम कॅनियनमधली ताडाची मोठमोठी झाडं अशाच पुराने उपटून खाली आणली.

मी गेलो मुक्कामासाठी. भाचा सॅन डिएगोला असतो, तिथून दोनेक तासांचा रस्ता. कॅलिफोर्निया राज्य सरकारच्या उद्यानांपैकी अँझा-बोरेगो सर्वांत मोठं, सहा लाख एकरांच्या वर. सोयीचे कॅम्पग्राउंड आहेत, त्यांचे पैसे पडतात. पण कच्च्या रस्त्यांवर आत गेलात तर बहुतेक ठिकाणी फुकट तंबू ठोकता येतो. ना बुकिंग, ना शेजारी, ना रात्री बारापर्यंत स्पीकर. पवनेकाठी ‘कॅम्पिंग’ करून आलेल्यांना यातलं शेवटचं पटकन कळेल. शेजारचं बोरेगो स्प्रिंग्स गाव २००९ पासून रात्रीचे दिवे जपून लावणारं गाव म्हणून मान्यता पावलेलं आहे. त्यामुळे आकाश काळंभोर; तारे बघायला अमावास्या गाठून जावं.

या मोकळीकीला अटी आहेत आणि मला त्या आवडल्या. शेकोटी जमिनीवर नाही, धातूच्या भांड्यातच. राखही परत न्यायची. तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. पाणी सगळं घरून, माणशी दिवसाला चार लिटर तरी. आपल्याकडे वाडीत कुणी ना कुणी हंडा पुढे करतं, तिथे वाडीच नाही. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. नोव्हेंबर ते मार्चच बरा; उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो.

आणि जे सगळ्यांना विचारायचं असतं पण विचारत कुणीच नाही, त्याचंही सांगतो: छोटं फावडं न्यायचं, वाटेपासून आणि ओढ्यापासून लांब जाऊन खड्डा खणायचा, बुजवायचा. कागद मात्र पिशवीत बांधून गाडीत. भाच्याने ती पिशवी माझ्याच सॅकला लटकवली होती.