पहिला तांब्या पायांवर

आईला अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा आजार असल्याचे निदान होऊन चार वर्षे झाली. या काळात आमच्या घरात सर्वाधिक खटके उडाले ते आंघोळीवरून. "सकाळीच केली," असे ती ठामपणे सांगे आणि मी तिला कोरडा टॉवेल दाखवून खोटे पाडत असे. त्याची आता लाज वाटते. साठीपुढच्या दर शंभर भारतीयांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे; म्हणजे आमच्या गल्लीतही अशी घरे असणारच, पण "वयोमानाने होतंच" म्हणून विषय तिथेच मिटवला जातो आणि न्हाणीघरात नेमके काय करायचे, हे कोणी कोणाला सांगत नाही.

या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर दुबळा होतो, हातांना वर्षानुवर्षे पडलेले वळण मात्र बरेचदा पुष्कळ काळ टिकते. आंघोळ आईच्या हातांना येत होती; कपडे काढणे, पाणी काढणे, साबण शोधणे या साखळीची सुरुवात कोठून करायची, एवढेच तिला उमगत नव्हते. हे लक्षात आल्यावर मी कोमट पाण्याची बादली आधीच भरून ठेवली, तिला स्टुलावर बसवले, हातात तांब्या दिला आणि इतकेच म्हटले, "आई, पायांवर पाणी घे." पहिला तांब्या पायांवर, दुसरा गुडघ्यांवर, आणि तिसरा खांद्यावर घेताना ती आपसूक "हर हर गंगे" म्हणाली. या सगळ्याला पाऊण तास लागतो. मीच घातली तर दहा मिनिटांत उरकते, पण मग ती दिवसभर गप्प असते.

दाराशी असलेले काळे पायपुसणे तिला खड्ड्यासारखे भासे, ते काढले. पांढऱ्या ताटातला दहीभात तिच्या नजरेत भरत नसे, म्हणून लाल ताटली आणली.

संध्याकाळ अजून कठीणच जाते. दिवे लागले की "मला घरी जायचंय" सुरू होते. "हेच तुझं घर" हे उत्तर मी सोडून दिले असून तिच्यापुढे मेथीची जुडी ठेवते. काल तिने काड्या टोपलीत आणि पाने कागदावर टाकली. ती झोपल्यावर मी भाजी पुन्हा निवडली.