आमची वाटचाल: तांबट आळी ते लँकेशायर

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, लँकेशायर परगण्यात, ब्लॅकपूल नावाचं गाव आहे. बॉलरूम आणि लॅटिन, म्हणजे जोडीनं करायची पाश्चात्त्य नृत्यं, करणाऱ्यांची ही पंढरी. तिथल्या विंटर गार्डन्स या करमणूक संकुलातला एम्प्रेस बॉलरूम हा नाचाचा दिवाणखाना १८९६ साली बांधला गेला आणि १९२० पासून तिथे नृत्यमहोत्सव भरतो. मे महिन्यात जगभरातल्या जोड्या तिथे उतरतात. आमची कार्यशाळा जवळच्याच प्रेस्टन शहरात आहे. या भागातल्या नृत्यशाळा, हौशी मंडळं आणि शिक्षकांचे गट चषक, ढाली आणि चांदीची तबकं आमच्याकडे देतात आणि आम्ही त्यांवर नावं कोरतो. जिंकणाऱ्यांचे चषक असतातच, पण आमचा जीव रमतो तो आयुष्यभर या नृत्यासाठी राबलेल्या माणसांच्या मानचिन्हांत.

माझे वडील पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर नावं घालायचे. लग्नसराईत हंडे, कळश्या आणि ताटांची रास लागायची. कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणत्या निमित्तानं, कोणत्या तारखेला, हे सगळं त्या इवल्याशा जागेत बसवावं लागे. अक्षर सुबक हवं आणि नात्याचा उल्लेख चुकता कामा नये, यावर त्यांचा कटाक्ष होता. माझ्या हातात छिन्नी दिली ती त्यांनीच. पुढे पत्नीच्या रुग्णालयातल्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. काही वर्षं दुसऱ्यांकडे कोरकाम केलं आणि १९९८ मध्ये घरामागच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं.

सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं ते जुने फिरते चषक घेऊन. चांदीचा मुलामा उडालेला, लाकडी बैठकीवरच्या पट्टीवर नवं नाव घालायला जागा उरलेली नाही, कान निखळलेला. मुलाम्याचा चषक सारखा घासला की जुनी अक्षरं पुसट होतात, म्हणून आधी सगळी नावं वहीत उतरवून घ्यायची आणि मगच चषक पॉलिशला न्यायचा, अशी आमची पद्धत. त्या नावांच्या वह्या आजही कपाटात आहेत आणि माझ्या मते कार्यशाळेतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच.

वह्या भरताना एक गोष्ट फार खटकली. काही जुन्या चषकांवर फक्त पुरुषाचं नाव होतं. नाच दोघांचा, आणि बाईच्या नावाचा पत्ताच नाही. व्हिक्टर सिल्व्हेस्टर यांनी १९२२ मध्ये जागतिक बॉलरूम स्पर्धा जिंकली हे इकडे अनेकांना ठाऊक असतं. पुढे त्यांच्या वाद्यवृंदानं त्यांना घराघरांत नेलं. पण त्या विजयात त्यांच्यासोबत नाचणाऱ्या फिलिस क्लार्क यांचं नाव किती जणांना आठवतं? बिल आणि बॉबी अर्विन हे बॉलरूम नाचणारं जोडपं, किंवा चौदा वेळा व्यावसायिक लॅटिनचे जगज्जेते ठरलेले डॉनी बर्न्स आणि गेनर फेअरवेदर, यांची नावं जोडीनंच घेतली जातात आणि तसंच व्हायला हवं. म्हणून आम्ही पहिला नियम केला: जोडीतल्या दोघांची नावं, एकाच मापाच्या अक्षरांत. एखादं मंडळ एकच नाव लिहून पाठवतं, तेव्हा आम्ही फोन करून दुसरं विचारून घेतो.

दुसरा नियम जीवनगौरवाचा, आणि तो रुजवायला वेळ लागला. ब्रिटनमध्ये नृत्यातल्या कार्यासाठी कार्ल ॲलन पुरस्काराला मोठा मान आहे. मेक्का या नाचघरांच्या कंपनीचे कार्ल हाइमन आणि ॲलन फेअरली यांच्यावरून त्याला हे नाव पडलं. लहान मंडळंही आपापल्या परीनं ज्येष्ठांचा सत्कार करतात. पण तबकावर मजकूर कोणता? ‘नृत्यक्षेत्रातील अमूल्य योगदानाबद्दल’. पुढच्या वर्षी, पुढच्या माणसाला, तोच. या माणसानं नेमकं काय केलं हे त्यावर कुठेच नाही. आपल्याकडे सत्कारात मानपत्र वाचतात, त्यात त्या माणसाचं काम सांगितलेलं असतं. ते ऐकत मोठा झालेल्या मला अशी कोरी स्तुती कोरवेना.

काम सांगितलं की माणूस उभा राहतो. मस्यू पिएर हे फ्रान्समधून लंडनला आलेले शिक्षक. १९४७ मध्ये ते क्यूबाला गेले, तिथले लोक रुंबा कसा नाचतात ते पाहिलं, आणि डोरिस लव्हेल यांच्यासोबत तो इंग्लंडमध्ये शिकवला. आज स्पर्धेत दिसणारा रुंबा त्या मेहनतीतून आला आहे. वॉल्टर लेर्ड यांनी लॅटिनचं तंत्र पायाच्या कोनापासून वजन कधी टाकायचं इथपर्यंत लिहून काढलं. त्याआधी, १९२४ मध्ये, इम्पीरियल सोसायटी या नृत्यशिक्षकांच्या संस्थेची बॉलरूम शाखा निघाली आणि वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट या नाचांना ठरावीक रूप मिळालं. असं काही करणाऱ्यांना ‘अमूल्य योगदान’ एवढ्यावर बोळवायचं?

मग आम्ही मंडळांना चार ओळींचा मजकूर मागू लागलो. एका बाईंचं तबक मला विशेष आठवतं. चर्चच्या सभागृहात शनिवारी वर्ग घेणाऱ्या, स्वतः कधी अंतिम फेरीत न पोचलेल्या. त्यांच्या मंडळानं लिहून दिलं: ‘ज्यांना फी परवडत नव्हती त्यांना तुम्ही दार उघडं ठेवलंत. तुमच्या शिष्यांचे शिष्य आज परीक्षक आहेत.’ ते कोरताना वडील शेजारी असते तर किती बरं झालं असतं, असं फार वाटलं.

या धंद्यात अक्षरामागे पैसे घेण्याची रीत आहे. त्यामुळे मंडळं मजकूर आखडता घेत. पत्नीनं हिशेब मांडून दाखवला की जीवनगौरवाच्या तबकाला एकच ठरावीक दर लावला, तरी बाकीच्या कामावर आपलं भागतं. आम्ही तसं केलं. त्या तबकांवर सुटतं थोडं, पण तीच मंडळं वर्षभराचं बाकी काम आमच्याकडे देतात.

२०२० मध्ये ब्लॅकपूल महोत्सवाला शंभर वर्षं होत होती आणि नेमका त्याच वर्षी तो रद्द झाला. नृत्यशाळा बंद पडल्या, आमच्याकडचं काम थांबलं. त्या काळात आलेली थोडीफार कामं स्मृतिफलकांची होती. ज्यांचा सत्कार पुढच्या वर्षी करू म्हणून ठेवला होता, त्यांतले काही गेले. तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येक मंडळाला सांगतो की माणूस हयात असताना, स्वतः वाचू शकेल तेव्हा द्या. ऐंशीच्या पुढच्या कोणाचं तबक आलं की आम्ही बाकीचं काम बाजूला ठेवून ते आधी करतो, आणि अक्षर मोठं घेतो.

आता लेसर यंत्र आहे आणि ते मुलगी सांभाळते. चषक आणि पदकं त्यावर होतात. जीवनगौरवाची तबकं मात्र मी अजून हातानंच कोरतो, कारण हातानं कोरलेल्या रेषेत उजेड वेगळा खेळतो, हे घेणाऱ्यालाही कळतं.

सध्या एका गुणलेखक गृहस्थांचं तबक हातात आहे. परीक्षकांनी जोड्यांना दिलेले क्रमांक ‘स्केटिंग’ नावाच्या मोजणीच्या पद्धतीनं जुळवून निकाल लावणं हे त्यांचं काम. प्रेक्षकांना हा माणूस कधी दिसत नाही. मंडळाकडे चार ओळी मागितल्या, तर दोन पानं आली आहेत. मजकूर कापायला मन होत नाही, म्हणून आम्ही मोठ्या आकाराचं तबक मागवलं आहे. ते महोत्सवाआधी द्यायचं आहे.