तुम्ही विचारलंत म्हणून: ‘फ्रीस दागब्लाट’मध्ये प्रोटेस्टंट ते काय?

नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रीसलंड प्रांतातल्या लेवार्डनहून हे दैनिक निघतं. ते आपल्या ‘ज्ञानोदय’सारखं मिशनचं पत्र का, हा नेहमीचा प्रश्न. तसं नाही. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरला मिशनऱ्यांनी सुरू केलं; हे १९०३ साली राजकारणातून जन्मलं. अब्राहम कायपर तेव्हा पंतप्रधान होते आणि त्यांच्या अँटी-रिव्होल्यूशनरी पक्षाला प्रांतात आपलं पत्र हवं होतं. त्याच गावात १७५२ पासूनचं ‘लेवार्डर कूरांत’ होतंच, पण ते त्यांचं नव्हतं. पक्षाच्या नावातली ‘रिव्होल्यूशन’ म्हणजे फ्रेंच राज्यक्रांती, देवाला बाजूला सारणारी. ‘प्रतिक्रांतिवादी’ असं भाषांतर केलंत की अर्थ पार भलतीकडे जातो. १९४१ साली देश ताब्यात घेतलेल्या जर्मनांचं फर्मान छापण्यापेक्षा या पत्रानं अंकच बंद केला.

जुने अंक चाळताना खरी फसगत होते ती चर्चच्या बातम्यांत. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, नेमणुका तिथे दोन-तीन शब्दांत उरकलेल्या असतात. ‘बेरूपन’ म्हणजे एखाद्या गावच्या चर्चमंडळीनं पाळकाला बोलावणं धाडलं, ‘आंखनोमन’ म्हणजे त्यानं ते स्वीकारलं. ‘बेडांक्त’ दिसलं की नवखा वाचक आभार मानले असं समजतो. प्रत्यक्षात पाळकानं नकार कळवलेला असतो! आभार मानून नाही म्हणायची ही रीत आपल्याला नवी नाही, पण कोशात पहिला अर्थ बघून थांबलात तर माणूस चुकीच्या गावी नेऊन ठेवाल.

दुसरा खड्डा ‘हेरफॉर्म्ड’ आणि ‘खेरेफॉर्मेर्ड’चा. इंग्रजीत दोन्हींचं ‘रिफॉर्म्ड’ होतं. पहिलं म्हणजे जुनं मोठं राष्ट्रीय चर्च. दुसरं त्यातून फुटून निघालेल्यांचं. १८३४ आणि १८८६ च्या फुटीतले बहुतेक लोक १८९२ मध्ये एकत्र आले, तो कायपरांचा गट. पत्राचा पाया याच लोकांत. २००४ मध्ये ही दोन्ही चर्चं लुथरन या आणखी एका प्रोटेस्टंट चर्चसह एक झाली, त्यामुळे त्याआधीच्या अंकांत हा फरक जपायलाच हवा. मराठीत मूळ शब्दच ठेवा, भाषांतर कंसातही नको.

शोध घेताना स्पेलिंगही सांभाळा. पत्राच्या नावात (Friesch Dagblad) जुन्या वळणाचं ‘एस-सी-एच’ अजून आहे; १९४७ च्या शुद्धलेखन सुधारणेत इतर शब्दांतलं ते बहुतेक ठिकाणी गेलं. म्हणजे एकच विशेषण त्याआधीच्या मजकुरात एका रूपात (Friesch) सापडेल, नंतरच्या मजकुरात दुसऱ्या (Fries). गावांचंही तसंच: लेवार्डन प्रांताच्या स्वतःच्या फ्रीजियन भाषेत ‘ल्याउवर्ट’ होतं. दोन्ही नावं टाकून शोधा.