घरी दार लावून बसलं तरी जे होत नाही

मी घणसोलीत वन आरकेमध्ये एकटी राहते, ऑफिस ऐरोलीत, शनिवार-रविवार कधीकधी वॉचमन सोडून कुणाशी बोलणं होत नाही, त्यामुळे वारीला जायचं कारण सरळ होतं, जरा माणसांत राहू. दिंडी कोपरखैरण्याची, बहुतेक सगळे वाशी मार्केटचे माथाडी, मूळचे सातारा-सांगलीकडचे, आणि त्यांच्या घरच्या बायका. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणा-राहण्याचे पैसे, भरली, पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये टाकली आणि आळंदी गाठली.

माणसं तर एवढी मिळाली की विचारू नका. पहाटे तीनला टँकरपाशी आंघोळीची रांग, तंबूत कूस बदलायची तरी शेजारणीला सांगून. खरं सांगायचं तर वैतागच आला होता.

मग पुणे ते सासवड, लांबलचक चाल आणि त्यात एकादशी. दिवेघाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. आमची दिंडी रथामागं. मृदंग वाजेल तसे पाय पडतात, किती भरभर जायचं, कुठे थांबायचं, काही म्हणजे काही आपण ठरवायचं नसतं, अभंग पाठ नसला तर पुढची म्हणते तेच म्हणायचं. घाट निम्मा चढला तेव्हा लक्षात आलं की आजूबाजूला एवढी गर्दी असून डोक्यात बराच वेळ काहीच चाललेलं नाही. घरी दार लावून बसले तरी असं होत नाही, कारण तिथं मोबाईल असतो, आणि मोबाईल बंद केला तर मीच असते बडबडायला.

माझ्या रांगेत एक मावशी होत्या, डोक्यावर तुळस. सिडकोच्या छोट्या घरात मुलं, सुना, नातवंडं, सगळी एकत्र. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला कशाला हवी आणखी माणसं? तर म्हणाल्या, "अगं पोरी, घरात मोरीत गेलं तरी दार वाजवत्यात. हितं कुनी हाक मारत नाय, सगळ्यांनाच माऊली म्हनत्यात, मी वळून बगितलं न्हाय तरी चालतंय."

एकांत म्हटलं की लोक लगेच हिमालय सांगतात नाहीतर इगतपुरीचं विपश्यना शिबिर. तुकोबाही भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे, पण त्यांची भाकरी घेऊन आवली डोंगर चढायची असं सांगतात ना. मावशींची भाकरी कोण आणणार? त्यांना घरातून असं कुणी सोडलंच नसतं, पण विठ्ठलाचं नाव घेतलं की रजा मंजूर.

संध्याकाळी तळावर समाज आरती असते. सगळ्या दिंड्यांचे टाळ एकसाथ चालू असतात, चोपदार दंड उंचावतात आणि एकदम सगळं बंद. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग त्यांचं ऐकून घेतात, हरवलं-सापडलं पुकारतात. पहिल्यांदा ती शांतता ऐकली तेव्हा अंगावर काटा आला माझ्या, एवढी माणसं आणि कुणी खोकतसुद्धा नाही. मावशी कानाशी येऊन म्हणतात, "आमच्या घरात असा एक चोपदार पायजे."

परवा त्यांचा फोन आला. धाकटी सून पुढच्या वर्षी सोबत येते म्हणतेय. म्हणाल्या, "तुला विचारलं तर सांग, दिंडी भरली, आता भिशी घेत न्हाईत."